चाकाखाली काय चाललंय तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांचं पान येतं ते मी नेमाने वाचतो. नवीन गाडी आली की फोटो, किंमत, मायलेज, सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंची, सगळं असतं, पण ती गाडी वळणावर कशी वागते, जोरात ब्रेक मारला की नाक किती खाली घालते, खड्ड्यातून निघाल्यावर किती वेळ हलत राहते याबद्दल एक ओळ सापडत नाही, फार तर "राइड कम्फर्टेबल आहे" एवढं म्हणून विषय संपतो. म्हणून हे पत्र. सस्पेन्शन (चाकं आणि गाडी यांच्यामधली स्प्रिंग-शॉकअपची रचना) आणि हँडलिंग (गाडी वळताना, थांबताना कशी वागते ते) यांच्या बेसिक गोष्टी मराठीत, कोणालाही कळतील अशा भाषेत, काही आठवडे सलग छापा ही माझी मागणी आहे, कारण मुंबईत गाडी चालवणारा प्रत्येक माणूस दर पावसाळ्यात या विषयावर गॅरेजमध्ये पैसे मोजतो आणि नेमके कशाचे मोजले ते त्याला माहीत नसतं, आणि तरुण पोरं तर पैसे देऊन चांगली गाडी बिघडवून घेतात.

निमित्त झालं ते आमच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या गाडीचं. सेकंड हँड हॅचबॅक घेतली, रील्स बघून गाडी "लो" करायची हौस आली, कोणीतरी गॅरेज सुचवलं, तिथे चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून दिला, संध्याकाळपर्यंत काम तयार. गाडी दिसायला खाली बसली हे खरं, पण सोसायटीच्या गेटमधल्या स्पीडब्रेकरवर पोट घासायला लागलं आणि लहानशा खड्ड्यातसुद्धा ठक्क करून दणका बसायला लागला, तेव्हा त्याने मला बघायला बोलावलं. गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि पुढचं चाक काढलं तर स्प्रिंगचं कापलेलं टोक निळसर काळं पडलेलं, म्हणजे कापताना तिथलं स्टील चांगलंच तापलेलं, आणि ते टोक खालच्या वाटीत बसतच नव्हतं, कारण कंपनीच्या स्प्रिंगचं टोक त्या वाटीच्या खाचेत बसेल असंच वळवलेलं असतं. चाक लोंबत असताना स्प्रिंग हाताने गोल फिरत होती. एरवी चाक पूर्ण खाली लोंबलं तरी स्प्रिंग थोडी दाबलेलीच राहायला हवी, नाहीतर एखाद्या उंचवट्यावरून चाक सुटलं की स्प्रिंग जागेवरून सरकते. शॉकअपच्या दांड्यावर ते पिवळट फोमसारखं रबर असतं, बम्प स्टॉप म्हणतात त्याला, त्याचे तर तुकडे पडले होते.

आता हे जर त्या मुलाला आधी कोणी नीट सांगितलं असतं तर त्याने हे केलं नसतं, पोरगा हुशार आहे, फक्त माहिती मिळाली नाही. स्प्रिंग कापली की गाडी खाली येते म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की स्प्रिंग मऊ झाली. आहे उलट. स्प्रिंगची कडकपणाची मोजणी तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांवर असते, वेढे कमी तेवढी स्प्रिंग कडक, म्हणजे सहा वेढे काम करत असतील आणि त्यातला एक कापला तर ती सरळ २० टक्के कडक होते. पण शॉकअप तोच जुना, तो जुन्या स्प्रिंगला आवरायला बनवलेला, तो या कडक स्प्रिंगला पुरा पडत नाही. शिवाय चाकाला वर यायला जी जागा होती ती कमी झाली, त्यामुळे जरा खड्डा आला की बम्प स्टॉपवर आदळणं सुरू, आणि बम्प स्टॉपवर आदळलेलं चाक म्हणजे त्या क्षणाला सस्पेन्शन नसलेलं चाक, वळणात हे झालं तर गाडी एकदम दुसरीच गाडी असल्यासारखी वागते. आणखी एक गोष्ट कोणी सांगतच नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला उभा खांब, असतो, हे डिझाइन अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं, १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून ते गाजलं आणि आपल्याकडे मारुती ८०० पासून घराघरात आलं. या रचनेत गाडी फार खाली केली की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, कोन बिघडतो, आणि ज्या बिंदूभोवती गाडीचा पुढचा भाग झुकतो तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त झपाट्याने खाली जातो. म्हणजे वळणावर गाडी कमी झुकावी म्हणून खाली केली आणि झुकवणारा जोर उलट वाढवून ठेवला. कंपन्यांचे इंजिनिअर यावर महिनोन् महिने घालवतात आणि आपण ग्राइंडरने दहा मिनिटांत त्याची वाट लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मुळात सस्पेन्शन कशासाठी आहे इथूनच सुरुवात करायला हवी. आपल्याला वाटतं खड्ड्याचे दणके बसू नयेत म्हणून. ते आहेच, पण त्याहून मोठं काम टायर रस्त्याला टेकवून ठेवायचं आहे. गाडी वळते, थांबते, पळते ती चार टायरांच्या जोरावर, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो, बास, तेवढ्यावर टनभर लोखंड आणि आतली माणसं. तो तळहात रस्त्यावरून उचलला गेला की स्टिअरिंग कितीही फिरवा आणि ब्रेक कितीही दाबा, उपयोग नाही. त्यामुळे सस्पेन्शनबद्दल कोणताही निर्णय घेताना एकच प्रश्न विचारायचा, याने टायर रस्त्याला जास्त वेळ आणि जास्त सारखा टेकेल का कमी.

स्प्रिंग वजन पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, हे मी कितीतरी गाडी मालकांना समजावलंय, गाडी बसलीय म्हणून शॉकअप बदलून येतात आणि गाडी तेवढीच बसलेली राहते. शॉकअपचं काम स्प्रिंगला शांत करायचं, आत तेल असतं, ते तेल बारीक व्हॉल्व्हमधून इकडून तिकडे ढकललं जातं, त्या घासाघाशीत हालचालीची ताकद उष्णतेत जाते आणि गाडी डुलायची थांबते. दाबताना वेगळा विरोध आणि उघडताना वेगळा, आणि उघडतानाचा सहसा जास्त. साधा हिशोब घ्या, गाडीच्या एका कोपऱ्यावर २५० किलो वजन आहे आणि चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे, तर ती स्प्रिंग नुसत्या वजनाने साधारण १२ सेंटीमीटर दबलेली असते आणि शॉकअप नसेल तर तो कोपरा सेकंदाला १.४ वेळा वरखाली होत राहील. रोजच्या गाड्या बहुतेक सेकंदाला एक ते दीडच्या मधे ठेवतात कारण माणसाच्या शरीराला ती हालचाल सोसते, सावकाश चालताना आपण साधारण तेवढंच वरखाली होतो, आणि सेकंदाला ४ ते ८ वेळा हलणं शरीराला सगळ्यात जास्त त्रास देतं. मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवतात, का, तर उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो मग मागच्या, मागची उशिरा सुरू होऊन पुढचीला गाठते आणि गाडी पुढेमागे झुलायची थांबते. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये यावर काम केलं, माणसं बसवून, वजनं इकडची तिकडे करून. इतकं जुनं ज्ञान आहे हे, आणि आपल्याकडे गाडी विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

माझे वडील काळी-पिवळी चालवायचे, पद्मिनी, तिला मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग, आणि पुढे गोल वेढ्यांची कॉइल स्प्रिंग. त्यांच्या पिढीच्या टॅक्सीवाल्यांना पाटा कुठला तुटलाय ते आवाजावरून कळायचं, मागे तीन जाड पॅसेंजर आणि डिकीत सामान असेल तर वळण कसं घ्यायचं हे अंगवळणी पडलेलं. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्यांच्याबरोबर गाडीच्या खाली डोकावून बघायची ती सवय पण जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता वजनाची ढकलाढकल. लोकलमध्ये उभे असलो की मोटरमनने ब्रेक लावला की सगळा डबा पुढे कलतो तसंच गाडीचं वजन ब्रेकला पुढच्या चाकांवर जातं, आणि वळणाला बाहेरच्या चाकांवर. किती जातं? हजार किलोची गाडी, वजनाचं केंद्र जमिनीपासून ५५ सेंटीमीटर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १४५ सेंटीमीटर, आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वळतेय असं धरलं, तर जवळजवळ १९० किलो आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातात, म्हणजे बाहेर ६९०, आत ३१०. या हिशोबात स्प्रिंग कुठे आली का? आलीच नाही. वजन किती सरकणार हे उंची, रुंदी आणि तुम्ही किती जोरात वळताय यावर ठरतं, स्प्रिंग कडक केली तर गाडी झुकते कमी पण वजन जवळजवळ तेवढंच सरकतं. स्प्रिंग आणि अँटी रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, ज्याला गॅरेजवाले जंपिंग रॉड म्हणतात, ते एवढंच ठरवतात की सरकलेल्या वजनातला मोठा वाटा पुढच्या जोडीने उचलायचा का मागच्या जोडीने. आणि इथे टायरचा एक स्वभाव आहे. टायरवर वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत वजनाची ढकलाढकल जास्त ती जोडी आधी पकड सोडते. पुढचं कडक केलं की पुढचं आधी सुटतं, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाते, याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचं फार कडक केलं की मागचं सुटतं आणि गाडीची शेपूट बाहेर येते, ते ओव्हरस्टिअर. कंपन्या रोजच्या गाड्या मुद्दाम थोड्या अंडरस्टिअर करून देतात कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, पुढे वजन येतं आणि गाडी आपोआप ओळीवर येते. हे एवढं डोक्यात बसलं की ट्यूनिंगचा अर्धा विषय कळला, बाकीचं सगळं यातूनच निघतं.

आणि वेग. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० ने गेलात तर टायरकडे गुरुत्वाकर्षणाच्या पावपट जोर मागितला जातो, ६० ने गेलात तर दीडपट वेगाला सव्वादोनपट, म्हणजे निम्म्याच्या वर. ओल्या डांबरावर झिजलेल्या टायरला तेवढा देता येईलच असं नाही. कोस्टल रोडला सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशी मर्यादा आहे, त्यातली वळणांवरची मर्यादा याच गणिताला धरून आहे, दंड वसूल करायला कोणीतरी मनाने लिहिलेली नाही. जेजे फ्लायओव्हरच्या वळणांवर पहाटे रस्ता मोकळा बघून जे गाडी सुसाट काढतात त्यांनी हा वेगाच्या वर्गाचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा.

मग ट्यूनिंग कुठून सुरू करायचं तर हवेपासून. यात पैसे लागत नाहीत. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, रिकाम्या गाडीला किती आणि भरलेल्या गाडीला किती पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) ते लिहिलेलं असतं, आणि हे आकडे थंड टायरचे असतात, गाडी दोन-तीन तास उभी असताना. एक्स्प्रेस वेवरून येऊन थेट पंपावर हवा बघितली आणि वाढलेली दिसली म्हणून काढून टाकली तर सकाळी टायर कमी हवेवर असणार, टायर १० अंशांनी तापला की दोनेक पीएसआय वाढतातच. पंपावर पोरगा विचारतो "कितना मारू" आणि आपण म्हणतो "पैंतीस मार दो", सगळ्या गाड्यांना पस्तीस. असं करू नका, स्वतःचा छोटा गेज घ्या, गाडीतच ठेवा. कमी हवेने टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त हवेने मधला पट्टा झिजतो, टायरवर हात फिरवला तरी कळतं. स्टिकरवरच्या आकड्याच्या आसपास पुढच्या टायरांत दोन पीएसआय कमीजास्त करून त्याच रोजच्या रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून बघा, स्टिअरिंग किती जड वाटतं, वळायला किती वेळ लावते, हे लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल, हा या कामातला सगळ्यात मोठा नियम आहे, स्प्रिंग, शॉकअप, टायर, अलाइनमेंट सगळं एका दिवशी बदललं तर काय कशामुळे झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मुंबईत एक समज घट्ट बसलाय की गाडी पुढच्या चाकांवर चालते, मग दोनच नवीन टायर घ्यायचे असतील तर ते पुढे लावायचे आणि झिजलेले मागे. टायर कंपन्या स्वतः सांगतात नवीन मागे लावा. कारण पावसात पुढचं सुटलं तर तुम्हाला स्टिअरिंगमध्ये कळतं आणि वेग कमी केला की सावरता येतं, मागचं सुटलं तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य माणसाला ते सावरायला वेळच मिळत नाही. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पहिल्या पावसात आडव्या झालेल्या गाड्या आपण सगळे बघतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद, खाचेत छोटे उंचवटे असतात ते नक्षीच्या बरोबरीला आले की समजायचं. आणि टायरच्या अंगावर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, सेकंड हँड गाडी घेताना हे बघाच.

हवेनंतर खालचे पार्ट. ट्यूनिंग म्हणजे नवीन काहीतरी लावायचं असं वाटतं, पण झिजलेली गाडी मूळच्या तब्येतीला आणणं हेच निम्म्याहून जास्त गाड्यांचं खरं ट्यूनिंग आहे. मी ज्यांच्याकडून शिकलो ते मेकॅनिक काका भांडुपलाच, त्यांनी मला पहिल्यांदा पहार हातात दिली आणि म्हणाले लोअर आर्मच्या बुशला लावून हलव. वरून बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, ठीक दिसत होतं, पहारीने जरा उचलल्यावर रबरात अख्खी चीर उघडली, आतली लोखंडी नळी एका बाजूला सरकली, आणि गाडी ब्रेक मारताना डावीकडे का खेचत होती ते तिथेच कळलं, कारण ब्रेक मारला की ते चाक मागे सरकत होतं आणि त्याची दिशाच बदलत होती. खड्ड्यात कट-कट आवाज येतो तो बऱ्याचदा लिंक रॉडचा, म्हणजे जंपिंग रॉडला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा असतो, स्वस्तातला पार्ट आहे, लोक उगाच अख्खा शॉकअप बदलतात. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगमधून टंग्ग आवाज आला तर स्ट्रटच्या वरचं माउंटिंग आणि बेअरिंग बघायचं. शॉकअप तेलाने ओला दिसला तर तो गेलाच, आणि बदलायचा तर जोडीने, डावा-उजवा दोन्ही, एक नवीन एक जुना ठेवला की डावं वळण वेगळं आणि उजवं वेगळं लागतं. स्प्रिंगच्या वेढ्यात अडकवायचे रबरी बफर जिकडे तिकडे विकतात, गाडी उंच होते म्हणून लोक घेतात, पण त्याने वेढे अडतात, स्प्रिंग कडक होते आणि सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर पडतो, मी तरी लावू नका असंच सांगतो.

अलाइनमेंटबद्दल मला जास्त राग आहे. तीन कोन असतात. टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत वळलीत का बाहेर. कॅम्बर, समोरून बघितलं तर चाक आत कललंय का बाहेर. कॅस्टर, बाजूने बघितलं तर चाक वळण्याचा अक्ष मागे किती कललाय, ज्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढा टाय रॉडवरून, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्यावरून, ॲडजस्ट होतो, बाकीचे दोन कंपनीतून ठरलेले असतात. तरी माझ्या गाडीच्या बिलात एका दुकानाने चारही चाकांचं "कॅम्बर करेक्शन" लावलं होतं, आणि त्या गाडीला मागे सरळ टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा लोखंडी तुळईसारखा भाग, तिथे फिरवायला बोल्टच नाही. काही ठिकाणी हायड्रॉलिक टूल लावून स्ट्रट वाकवून कॅम्बर जुळवून देतात, मशिनवर आकडा हिरवा होतो आणि शॉकअपचा दांडा आत वाकडा घासत राहतो. कॅम्बर हलला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते शोधायला हवं. वाचकांना एवढं जरी कळलं की अलाइनमेंटच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्यायचे, आणि बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड ढिले असतील तर आधी ते बदलायचे मग अलाइनमेंट, नाहीतर लिफ्टवरून उतरताच आकडे हलतात, तरी पुष्कळ पैसे वाचतील. टायरच्या नक्षीवरून हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखा टोचला तर टो बिघडलाय, यासाठी मशीनसुद्धा लागत नाही.

मोठी अलॉय व्हील्स लावायचीच असतील तर निदान गणित करून लावा. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, रबराची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) आणि १९५/५५ आर १६ या दोन टायरांचा एकूण व्यास जवळपास सारखा, ६२१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून स्पीडोमीटर फसत नाही, पण रबराची भिंत १२० वरून १०७ वर येते. त्याने स्टिअरिंगला उत्तर चटकन मिळतं हे मान्य, पण पेव्हर ब्लॉक निघालेल्या रस्त्यावर ते १३ मिलिमीटर रिमला वाचवायला हवे असतात, आणि चाक जड झालं की शॉकअपला ते आवरायला जास्त कष्ट पडतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा आणि आरसीवरच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काहीही लावून मिळतं म्हणून ते चालतं असं नाही.

शिकायचं कुठे हा प्रश्न खराच आहे. मुंबईत कायमचा रेसिंग ट्रॅक नाही, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे गाठायचा म्हणजे सगळ्यांना परवडणारं नाही. पण गो-कार्ट परवडते आणि ती फार चांगली शिक्षक आहे. कार्टला स्प्रिंग-शॉकअप काहीच नसतं, चासीच, म्हणजे सांगाडाच वाकतो, मागे डिफरन्शिअल (वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतो, दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर, म्हणून वळताना आतलं मागचं चाक उचललं गेलं तरच ती नीट वळते. ब्रेक लवकर सोडला, उशिरा सोडला, स्टिअरिंग हिसका देऊन फिरवलं का हळू, प्रत्येकाचा फरक लगेच अंगाला कळतो, आणि तोच हात घाटात कामाला येतो. कसारा किंवा बोरघाट उतरताना वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक आणि वळणात पाय स्थिर, हे गाडी सुसाट पळवण्यासाठी नाही, मागे आई-वडील बसलेले असतात त्यांना मळमळू नये म्हणून. व्हीजेटीआय आणि आयआयटी मुंबईची मुलं स्वतः डिझाइन करून रेसिंग गाड्या बनवतात, स्पर्धेत नेतात, स्प्रिंग किती न्यूटनची आणि का हे त्यांना तोंडपाठ असतं. तुमचा एखादा बातमीदार त्यांच्या वर्कशॉपमध्ये पाठवा, ती मुलं मराठीत इतकं छान समजावून देतील की तुमचे चार लेख तिथेच तयार होतील.

रस्त्यांबद्दलही लिहायला हवं, पण वेगळ्या पद्धतीने. खड्ड्यांचे फोटो आपण दरवर्षी छापतो. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय, ताशी २५ ने आरामात ओलांडता येईल असा. आपल्या गल्ल्यांत हातभर रुंदीचा आणि गुडघ्याला लागेल असा उंच ढिगारा घालतात, रंग नाही, बोर्ड नाही. त्यावर प्रत्येक गाडी बम्प स्टॉपवर आदळते, रुग्णवाहिका पण, आणि रिक्षात बसलेल्या गरोदर बाईचं काय होतं ते त्या ढिगाऱ्याच्या शेजारी राहणाऱ्यांना विचारा. टेप घेऊन एका वॉर्डातले स्पीडब्रेकर मोजा आणि आकडे छापा, तेवढ्याने महापालिकेला उत्तर द्यावं लागेल.

आणि लायसन्सची टेस्ट. रिव्हर्स आणि आठ काढला की झालं, टायरची हवा कुठे लिहिलेली असते हे कोणी विचारत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेइकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिथून निघालेली मुलं गॅरेजमध्ये सगळ्यात मोलाची असतात, त्यांच्या हाती वाचायला मराठीत या विषयावरचं धड काही मिळत नाही, सगळं इंग्रजीत. तुमच्या लेखांची कात्रणं गॅरेजच्या भिंतीवर लागतील याची मला खात्री आहे.

त्या मुलाच्या गाडीला आम्ही कंपनीच्या नवीन स्प्रिंगा, बम्प स्टॉप आणि पुढची दोन माउंटिंग लावली, ऑपेरा हाऊसकडच्या दुकानातून आणून, बिल बघून घेतलं, पार्ट नंबर जुळवून घेतला. आता तो स्वतः दर रविवारी चारही टायरची हवा मोजतो आणि वहीत लिहितो.

लेखमाला करणार असाल तर पहिला लेख मे महिन्याच्या सुरुवातीला टायर आणि शॉकअपवर घ्या, कारण पाऊस लागल्यावर गॅरेजमध्ये नंबर लागत नाही आणि घाईत चुकीचा पार्ट गळ्यात मारला जातो. दुसरा अलाइनमेंटवर, प्रिंट कसा वाचायचा त्याच्यासकट. स्प्रिंग आणि जंपिंग रॉडचा विषय त्यानंतर आला तरी चालेल. आकृत्या लागल्या तर मी हाताने काढून देईन, मानधन नको.

आपला,
एक नियमित वाचक,
भांडुप (पश्चिम), मुंबई